योग शिकवून परदेश फिरण्याचा बेत, आणि मे महिन्यातला हप्ता

पुण्याहून आलेल्या पत्राचा सारांश असा. वाचक ३३ वर्षांच्या असून अविवाहित आहेत, माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरीला नऊ वर्षे झाली आहेत, दरमहा ९५ हजार हातात पडतात. ऋषिकेशला २०० तासांचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला आहे आणि रविवारी सोसायटीच्या सभागृहात त्या वर्ग घेतात. जून २०२६ मध्ये नोकरी सोडून थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि श्रीलंका असे दोन वर्षे कमी खर्चात फिरायचे आणि जाईल तिथे योग शिकवून खर्च भागवायचा, असा बेत आहे. ठेवी आणि बचत मिळून १४ लाख, भविष्य निर्वाह निधीत ७ लाख. प्रश्न एवढाच आहे की, बालीतील ३०० तासांचा पुढचा अभ्यासक्रम ३,००० डॉलर भरून आधी करावा का, म्हणजे मानधन वाढेल? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "निवृत्तीची काळजी नाही, बँकेतून हमी उत्पन्नाची योजना घेतलेली आहे. आईबाबा माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेतच."

तुमच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. डॉलर ९० रुपयांचा धरला तर हे २ लाख ७० हजार होतात. असे अभ्यासक्रम केल्यावर मिळणारी योगा अलायन्स या अमेरिकी संस्थेकडील नोंदणी हा कोणत्याही देशात काम करण्याचा परवाना नाही. २०० तासांच्या नोंदणीने जो दरवाजा उघडत नाही, तो ५०० तासांच्या (२०० अधिक ३००) नोंदणीनेही उघडत नाही, कारण तो परदेशी नागरिकांना काम देण्याविषयीच्या कायद्याने बंद आहे. (आणि पुढे शिकण्याची खरीच ओढ असेल, तर १९२४ पासून चालू असलेले कैवल्यधाम हे योगकेंद्र तुमच्यापासून लोणावळ्याइतक्या अंतरावर आहे.)

तुम्ही वर्गामागे २५ डॉलर आणि आठवड्याला पाच वर्ग धरले आहेत, म्हणजे महिन्याला ५०० डॉलर, साधारण ४५ हजार रुपये. ही जमेची बाजू मी शून्य धरतो. पर्यटक व्हिसावर असताना थायलंडमध्ये किंवा इंडोनेशियात वर्ग घेणे हे विनापरवाना काम ठरते, आणि रोख मानधनाऐवजी खोली व जेवण घेतले तरी त्यातून सुटका होत नाही. थायलंडमध्ये खासगी कंपनीला एका परदेशी कर्मचाऱ्याचा परवाना काढायचा तर सर्वसाधारणपणे २० लाख बातचे भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. बांबूच्या मांडवाखाली पंधरा चटया टाकून चालणारे केंद्र तुमच्यासाठी एवढे करणार नाही. तिथला पाच वर्षांचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) अनेकांना सोयीचा वाटतो, परंतु त्यासाठी ५ लाख बात, म्हणजे आजच्या दराने साधारण १४ लाख रुपये शिल्लक दाखवावी लागते आणि त्यावरही स्थानिक केंद्रात नोकरी करता येत नाही. कायदेशीर कमाई हवी असेल तर ती नोकरीच्या वाटेने मिळते: व्हिएतनाम आणि चीनमधील व्यायामशाळा भारतीय शिक्षकांना परवान्यासह करारावर घेतात, आपली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदही परदेशांतील केंद्रांसाठी योगशिक्षक निवडते. मात्र त्या नोकऱ्यांत माणूस एका शहरात, ठरलेल्या वेळापत्रकात राहतो. त्याला भटकंती म्हणता येणार नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. पत्रासोबत पाठवलेली पॉलिसीची प्रत मी वाचली. मे २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना दरवर्षी दीड लाख याप्रमाणे दहा वर्षे पैसे घेते आणि बाराव्या वर्षाअखेरीपासून पंधरा वर्षे दरवर्षी दोन लाख परत देते. भरायचे १५ लाख, मिळायचे ३० लाख. "पैसे दुप्पट आणि तेही हमीने" असे तुम्हाला बँकेत सांगितले गेले असणार. पैसे कधी जातात आणि कधी येतात हे मांडून हिशेब केला, तर परतावा वर्षाला जेमतेम पाच टक्के निघतो. त्याच बँकेत उघडता येणारे पीपीएफ खाते २०२० पासून ७.१ टक्के देत आहे, पण त्यावर विक्रेत्याला तुमच्या योजनेसारखे कमिशन मिळत नाही, त्यामुळे त्याची आठवण कोणी करून देत नाही.

परताव्यापेक्षाही गंभीर बाब पुढेच आहे. दोन हप्ते भरून झाले, आठ राहिले, म्हणजे अजून १२ लाख देणे आहे. नोकरी सोडून निघणाऱ्या व्यक्तीच्या १४ लाखांपैकी १२ लाख अशा रीतीने आधीच बांधलेले आहेत, आणि तुमच्या खर्चाच्या तक्त्यात वसतिगृहाचे भाडे, सिम कार्ड, दुचाकीचे पेट्रोल असे सगळे असताना हा हप्ता कुठेच नाही. निघण्यापूर्वी एक आणि प्रवासात दोन, असे तीन हप्ते म्हणजे साडेचार लाख; तुमच्याच ५० हजारांच्या मासिक अंदाजाने नऊ महिन्यांचा प्रवास तिथे संपला.

मग पॉलिसी मोडावी का? इथे घाई करू नये. ती १ ऑक्टोबर २०२४ पूर्वीची असल्याने सरेंडर मूल्याचे (पॉलिसी मोडल्यावर परत मिळणाऱ्या रकमेचे) नवे, ग्राहकाला अधिक अनुकूल नियम तिला लागू नाहीत. दोन हप्त्यांनंतर भरलेल्या रकमेच्या किमान ३० टक्के, म्हणजे ३ लाखांचे ९० हजार हातात येतील. त्याऐवजी पुढचे हप्ते थांबवून ती पेड-अप केली, तर तुमच्या प्रतीतील कलमानुसार लाभ भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे एक पंचमांश राहतो: पंधरा वर्षे दरवर्षी ४० हजार. सात टक्के दराने त्याचे आजचे मूल्य दोन लाखांच्या आसपास येते. सरेंडरचा अधिकृत आकडा विमा कंपनीकडून लेखी मागवा. तो दोन लाखांच्या जवळपासही नसेल, तर पेड-अप करणेच शहाणपणाचे. तिसरा हप्ता मात्र कोणत्याही परिस्थितीत भरू नये. त्यासाठी एजंटला फोन करून भागणार नाही, तर बँकेतील ऑटो-डेबिटची सूचना लेखी अर्ज देऊन रद्द करावी लागेल. अन्यथा मे महिन्यात खात्यातून दीड लाख आपोआप वळते होतील, आणि "आता भरलाच आहे तर पुढचाही भरू" हे समर्थन पाठोपाठ येईल.

आईबाबांच्या विम्याचा मुद्दा रकमेने लहान, पण धोक्याने मोठा आहे. कंपनीच्या समूह विम्यातील त्यांचे संरक्षण तुमची नोकरी संपते त्या दिवशी संपते. वडील ६४ वर्षांचे, मधुमेही. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च न मिळण्याची मुदत, असू शकतो. म्हणून राजीनामा देण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीकडे समूहातून वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करावा, म्हणजे आजवरच्या संरक्षणाची वर्षे प्रतीक्षाकाळातून वजा होतात. वैद्यकीय तपासण्यांना काही आठवडे जातात, तेव्हा एप्रिलची वाट पाहू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तरीही दोघांचा हप्ता वर्षाला ७० हजार धरून ठेवा. तुमचा प्रवास विमाही भारतातून निघण्यापूर्वीच घ्यायचा आहे.

आता १४ लाखांची मांडणी करू. परतल्यावर नोकरी शोधण्याच्या सहा महिन्यांसाठी ३ लाख, आईबाबांच्या दोन वर्षांच्या हप्त्यांसाठी १ लाख ४० हजार, त्यांच्या आजारपणात विम्याबाहेर जाणाऱ्या खर्चासाठी २ लाख बाजूला काढले की ७ लाख ६० हजार उरतात. विमानभाडे, व्हिसा आणि विमा धरून महिन्याला ६० हजार लागतील असे मी मानतो. ५० हजारांचा आकडा एकही दिवस आजारी न पडणाऱ्या प्रवाशाचा आहे. म्हणजे एक वर्ष, तेही कोणाकडून एक पैसाही न कमावता. दोन वर्षेच हवी असतील, तर आधी एखादा परवान्यासह करार मिळवून त्यातील बचतीवर दुसरे वर्ष काढावे.

भविष्य निर्वाह निधीतील ७ लाखांना हात लावू नये. नोकरी सुटल्यानंतरही त्यावर व्याज मिळत राहते, ते करपात्र धरावे लागले तरी. सध्याचा ८.२५ टक्के दर टिकला, तर करापूर्वी ही रक्कम ५८ व्या वर्षी ५० लाखांच्या आसपास जाते, आणि तुमच्या निवृत्तीची तरतूद म्हणता येईल असे आज तुमच्याजवळ एवढेच आहे.

बालीच्या अभ्यासक्रमासाठी आगाऊ रक्कम भरली आहे की नाही, हे पत्रात स्पष्ट होत नाही. भरली असेल तर ती परत मिळण्याची अट आणि शेवटची तारीख आजच तपासून लेखी मागणी करावी.