आयरिश फुटबॉलमधले ‘पॅरिश’: गाव म्हणावे का?

आयर्लंडच्या ग्रामीण भागातल्या जुन्या फुटबॉल सामन्यांवरचा मजकूर मराठीत आणताना ‘पॅरिश’ला, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या परिसराला, ‘गाव’ म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते चालणार नाही, आणि अडून बसायचीही गरज नाही. ‘धर्मग्राम’ हा शब्द वसईच्या कॅथलिक मराठी समाजात रुळलेला आहे. गोव्यात कोकणीत ‘फिर्गज’ म्हणतात, तो पोर्तुगीजांकडून आला.

‘गाव’ म्हटले की आपल्याला वेस, पार आणि एकवटलेली वस्ती दिसते. आयर्लंडमध्ये मात्र घरे शेतांमधून विखुरलेली असत. तिथे जमिनीचा सर्वांत लहान विभाग म्हणजे टाउनलंड. त्याला कोकणातली ‘वाडी’ बरीच जवळची. अशा अनेक टाउनलंडमधली माणसे रविवारी एकाच चर्चमध्ये मिसाला, म्हणजे सामूहिक उपासनेला, जमत, आणि खेळायला मोकळा दिवसही तोच. 1695च्या कायद्याने रविवारी फुटबॉल किंवा हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ) खेळणाऱ्याला बारा पेन्स दंड ठरवला, तरी खेळ बंद पडला नाही.

केरी परगण्यातला ‘काड’ हा फुटबॉलचा जुना प्रकार पाहिला की ‘पॅरिश’ या शब्दाचे मोल नीट कळते. त्याच्या एका रूपात झाडाच्या फांद्या कमानीसारख्या वाकवून गोलपोस्ट तयार करत. दुसऱ्यात आखलेले मैदानच नसे. दोन पॅरिशमधली माणसे शेते, बांध, ओढे तुडवत चेंडूसाठी झोंबत, ओढाताण करत, पाडापाडी करत. ज्यांनी चेंडू आपल्या पॅरिशच्या हद्दीत नेला ते जिंकले. म्हणजे पॅरिशची सीमा हीच गोलरेषा! तिथे मी बेधडक ‘शीव’ लिहीन. शिवेवरून भांडणे पाहिलेल्या मराठी वाचकाला त्या झटापटीतली ईर्षा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

1884 साली थर्ल्स इथे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही आयरिश खेळांची संघटना स्थापन झाली, खेळाला लेखी नियम आले, तरी क्लब मुख्यतः पॅरिशनिहायच उभे राहिले. सुरुवातीला एका संघात 21 खेळाडू असत. 1892 मध्ये ते 17 झाले. या काळासाठी ‘धर्मग्रामाचा संघ’ अगदी चपखल बसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. आयर्लंडमध्ये जमीन आणि कर यांच्या नोंदींसाठी मुलकी पॅरिशही होते, आणि त्यांच्या सीमा कॅथलिक पॅरिशशी नेहमी जुळत नसत. मजकूर अशा नोंदींबद्दल असेल तर ‘मुलकी पॅरिश’ असेच लिहावे.