दुसऱ्या भागाचं दार

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आई मंगळवारी पिशवी देऊन गेली. आत तू लिहिलेल्या गोष्टीची दोन जाडजूड बाडं आणि वर तुझी चिठ्ठी: "काकू, आधी पहिला भाग वाचा, नाहीतर दुसऱ्यात काही कळणार नाही." मी चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली आणि दुसरा भाग उघडला. रागावू नकोस, यामागे जुनं कारण आहे.

१९९१ च्या पावसाळ्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका फुटपाथवाल्याकडून मी आठ रुपयांना एक इंग्रजी पुस्तक उचललं. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेचं 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन', १९७१ सालचं. तो 'अर्थसी' नावाच्या मालिकेतला दुसरा भाग आहे हे घरी आल्यावर कळलं. पहिला, म्हणजे १९६८ चा 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', त्याच्या ढिगात नव्हताच. त्या पावसात परत करायला कोण जातंय! वाचायला घेतलं.

सुरुवातीला सफरचंदाची झाडं आहेत. तिन्हीसांजेची वेळ, झाडं फुलायच्या बेतात, एखाददुसरं फूल घाई करून आधीच उमललेलं. आई हाक मारतेय, तेनार, घरी चल. आणि बाप दाराशी उभा राहून तिला म्हणतोय, जी आपली राहणार नाही तिच्यात जीव कशाला अडकवतेस. एवढंच. मग ती पोर पाच वर्षांची असताना वाळवंटातल्या देवस्थानात नेली जाते. जुनी पुजारीण मेली त्या रात्री ही जन्मली, म्हणून ही तीच. तिचं नाव काढून घेतात आणि नवं ठेवतात: अर्हा, म्हणजे गिळलेली. देवांना नावं नाहीत, थडग्यांखालच्या गुहेत दिवा न्यायचा नाही, पुढच्या भुलभुलैयाची वळणं पाठ करायची. डावीकडचं दुसरं, मग उजवीकडचं चौथं, असं मोजत पोरगी अंधारात चालते. मोठी झाल्यावर तीन कैद्यांना खाली अंधारात अन्नपाण्यावाचून मरू द्यायचं फर्मान ती स्वतः काढते. नंतर तिला झोपेत नको नको ते दिसतं, पण फर्मान निघालेलं असतं. हा प्रसंग लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आणि एक दिवस त्या गुहेत तिला उजेड दिसतो. जिथं तिनं फक्त हातानं भिंती चाचपल्या होत्या तिथं छतभर स्फटिक लखलखत असतात, आणि मधे काठी घेतलेला एक माणूस. बारा प्रकरणांच्या पुस्तकात हा माणूस पाचव्यात येतो. तो कोण, मला माहीत नव्हतं. तिला वाटला तसाच मलाही चोर वाटला. ती लोखंडी दार लावून त्याला आत कोंडते तेव्हा मी सरळ तिच्या बाजूची होते.

पुढे तोच माणूस तिला तेनार म्हणून हाक मारतो. ती झोपेतून उठून स्वतःचं नाव स्वतःला सांगते ते पान मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. माझं लग्न १९७९ मधलं. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात नवं नाव रेखलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवून पेढे खाल्ले. माहेरच्या नावानं मला नंतर फक्त आई हाक मारायची, आणि ती अठ्ठ्याऐंशी साली गेली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या त्या दिवशी. वरण लागलं, घरभर वास. पोर्टलंडमध्ये राहणाऱ्या बाईला आमचं तांदळाचं ताट कुठून माहीत असणार! पण तिनं नेम धरला तो बरोबर तिथं लागला.

पहिला भाग मला दीड वर्षानं एका लायब्ररीत मिळाला. तेव्हा कळलं की तो चोर म्हणजे गेड. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा, जादू शिकायला गेलेला, गर्वाच्या भरात स्वतःच्याच हातानं एक काळी सावली मोकळी सोडणारा आणि मग समुद्रभर तिच्या मागेपुढे पळणारा. त्या पळापळीत त्याची नाव एका वाळूच्या बेटावर आपटते. तिथं लहानपणी टाकून दिलेले, आता म्हातारे झालेले भाऊबहीण राहतात. म्हातारी त्याला तुटक्या धातूचा एक तुकडा देते. तोही तो ठेवून घेतो, त्यांच्या मचूळ झऱ्याचं पाणी मंत्रानं गोडं करून देतो आणि निघतो. त्या तुकड्याचं मोल त्यालाही ठाऊक नसतं आणि आपल्यालाही. दुसऱ्या भागात कळतं की ते एका मोडलेल्या कड्याचं अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं अतुआनच्या थडग्यांखालच्या खजिन्यात पडून आहे. म्हणून तो तिथं आलाय.

मग मी दुसरा भाग पुन्हा वाचला. तेच पान, तोच उजेड, तीच काठी. ह्या खेपेला घशाशी काहीतरी आलं, कारण मी त्याला ओळखत होते. आणि ती ओळखत नव्हती! तिनं दार लावलं तेव्हा मला ते तीन कैदी आठवले. पहिल्या वाचनात मी तिच्या बाजूनं त्याला जोखत होते, दुसऱ्यात त्याच्यासाठी तिच्याकडे गयावया करत होते. पुस्तकात एक अक्षर बदललं नव्हतं.

मालिकेतल्या पुस्तकाची ओढ मला विचारशील तर ही आहे. लोक म्हणतात, पुढे काय झालं ते कळावं म्हणून वाचतो. असेल. पण लहानपणी वडिलांच्या ऑफिसात पहिल्यांदा गेलेलं आठव. साहेबांसमोर उभे असलेले आपलेच वडील, आणि आपल्याला न कळणारं त्यांचं ते हसू. माणूस घरचाच, पण नजर बाहेरच्यांची. ले ग्विन यांनी हे मुद्दाम साधलंय. १९७२ च्या तिसऱ्या भागातसुद्धा गेड आपल्याला दिसतो तो बहुतेक अर्रेन नावाच्या कोवळ्या राजपुत्राच्या डोळ्यांनी. शिवाय पहिल्या भागात बेटांमागून बेटं पालथी घातल्यावर दुसरा भाग मोठा करायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी सगळी गोष्ट एका टेकडीखाली कोंबली.

दोष नाहीत असं नाही. कडं जुळल्यावर, थडगी कोसळल्यावर, जी तेनार एवढी वळणं पाठ करून त्याला बाहेर काढते तीच डोंगरात त्याच्या मागून चालू लागते, आणि मला ते कधी पटलं नाही. लेखिकेलाही ते खुपत असावं, असं आपलं मला वाटतं. तिसऱ्या भागानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांचं 'तेहानू' आलं. त्यात तेनार शेतकऱ्याची विधवा आहे, चाळिशी ओलांडलेली, आणि गेडची जादू संपलेली. त्या पुस्तकावर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं. २००१ मध्ये आणखी दोन आली. लेखकाच्या 'शेवटचं'वर विश्वास ठेवू नये, तुझ्याही.

आता तुझ्या बाडाकडे येते. पहिली अकरा पानं तुझा तो जटाधारी म्हातारा घोड्याच्या मोतद्दाराला मागच्या भागात काय काय झालं ते सांगतो. मोतद्दार त्याच राज्यात राहतो, त्याला हे सगळं माहीत असणारच. तू ते मला सांगतोयस आणि त्याला उगाच उभं केलंयस. पहिल्या भागात म्हणे एक सेना होती, इथं तीन आहेत. चौसष्टाव्या पानापर्यंत मी दोनदा डुलकी घेतली.

चौसष्टाव्या पानावर मात्र नावाडीण आली. रात्रीची, पुराच्या पाण्यात, ती तुझ्या राजकुमाराला पलीकडे सोडते. तो कोण हे तिला माहीत नाही. तो अंगठी देऊ करतो तर म्हणते, "हिचे सुटे कोण देणार मला?" आणि भाड्यापोटी त्याच्या पायातल्या वहाणा काढून घेते. तो अनवाणी चिखलातून वर जातो, आणि ती मागं वळूनसुद्धा बघत नाही. दीड पान. मी ते दोनदा वाचलं, आणि झोप उडाली ती उडालीच. पुढे ती बाई कुठंच नाही! शोधून दमले.

तिथून सुरू कर. ती नदी, ती होडी, तिच्या नवऱ्याचं काय झालं, वहाणांचं तिनं काय केलं. राजकुमार पन्नास पानं येऊ देऊ नको. ज्यानं पहिला भाग वाचलाय त्याला वहाणा बघताच कळेल, आणि ज्यानं नाही वाचला त्याला नावाडीण पुरेल. ही परीक्षा घ्यायला घरात मीच एक उरलेय, म्हणून पहिला भाग न उघडताच पिशवीत घालून आईकडे परत पाठवतेय. पिशवीत लोणच्याची बरणी पण आहे, आडवी धरू नका म्हणावं.

तुझी,
काकू