शुक्रवारचा फोन

पत्र: ताई, मी ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे मूळची कोकणातली, पिढीजात यहुदी. नवरा डॉक्टर. व्हिसाच्या अटीपायी ३ वर्षं मिसिसिपीतल्या एका खेडेवजा गावात बांधले गेलोय, त्यातलं १ उरलंय. इथल्या जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, मोजून ९ माणसं, सगळी सत्तरीपुढची. पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं, "तुम्ही धर्म कधी बदललात?" त्यानंतर मी पाऊल ठेवलं नाही. त्याच बाई दर शुक्रवारी दुपारी फोन करतात, 'आम्ही नऊ आहोत' असा निरोप ठेवतात. मी उचलत नाही. नवऱ्याची तेव्हा रात्रपाळी असते. करार मोडून न्यू जर्सीला जाऊ म्हणते, तर ऐकत नाही. त्याला कसं समजावू?

उत्तर: अगं, नवऱ्याला राहू दे बाजूला. करार मोडला तर व्हिसाचं काय होतं ते त्यालाही कळतं आणि तुलाही.

'आम्ही नऊ आहोत.' हे तू जाता जाता लिहून टाकलंस. मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, किमान दहा लागतात हे मी तुला सांगायचं? म्हणशील, आमच्याकडे पुरुषच मोजतात, माझा काय संबंध. मिसिसिपीतली जुनी सिनेगॉग बहुतेक रिफॉर्म या सुधारणावादी पंथाची, तिथे बायकाही मोजतात. दहावी तू आहेस, बाई! ती दर आठवड्याला तेच सांगतेय आणि तू फोन पालथा घालून बसतेस.

प्रश्न आगाऊ होता, कबूल. पण तुमच्या लोकांना तो नवा आहे का? इस्रायलमध्ये लग्न लावताना धर्मगुरूंनी हेच विचारलं, तेव्हा बेने इस्रायलींनी जेरुसलेमला धरणं धरलं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेकडून 'हे सर्वार्थाने यहुदी' असं वदवून घेतलं. रुसून घरात बसले असते तर?

आणि न्यू जर्सी कशाला हवं? कोकणातल्या शनवार तेल्यांकडे, तुझ्याच पूर्वजांकडे, ना रब्बी म्हणजे धर्मगुरू होता, ना तोरा या धर्मग्रंथाची पोथी. शनिवारी घाणा बंद, आठव्या दिवशी सुंता आणि ओठांवर शमाची प्रार्थना. तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या निघाल्या.

त्या बाईच्या लेखी यहुदी म्हणजे युरोपातून आलेला, पाठीवर गाठोडं घेतलेला फेरीवाला. मग त्याचं मेन स्ट्रीटवरचं कापडदुकान, मग शिकून अटलांटाला गेलेली नातवंडं. तुमचे पूर्वज ज्यातून आले म्हणतात, ते कोकणात नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेलं गलबत तिला कुणी सांगितलंय?

या शुक्रवारी पहिल्या रिंगला उचल आणि "दहा" म्हण. जाताना मलिदा ने: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर केळ्याचे काप. तिचं खाऊन होईपर्यंत एक अक्षर समजावून सांगू नकोस. मग भिंतीवर बघ, मृतांच्या नावांच्या पितळी पाट्या असतील, प्रत्येकीशेजारी इवलासा दिवा. ज्याची पुण्यतिथी, त्याचा लागतो. आज कुणाचा लावलाय, ते तिला विचार.

खोबरं फ्रोझन चालेल. आधी नीट सुटं होऊ दे फक्त.