मेंदूवर चालणारा हात भावाला बसेल का?

प्रश्न : मळणी यंत्रात धाकट्या भावाचा उजवा हात कोपराखाली गेला. मेंदूच्या इशाऱ्यावर चालणारा कृत्रिम हात त्याला बसवता येईल का? – एक वाचक भगिनी, जि. लातूर

उत्तर : ताई, 2011 मध्ये अमेरिकेत ‘ब्रेनगेट’ या मेंदूला यंत्राशी जोडणाऱ्या संशोधन प्रकल्पाच्या प्रयोगात पक्षाघाताने हातपाय लुळे पडलेली एक महिला केवळ विचाराने यंत्रहात हलवून कॉफी प्यायली. त्यासाठी तिच्या मेंदूत जेमतेम 4 मिलिमीटरची, 96 इलेक्ट्रोडची (मेंदूचे विद्युत संदेश टिपणाऱ्या बारीक सुयांची) चौकोनी चिप बसवली होती. यंत्रहात मात्र तिच्या अंगाला नव्हता, शेजारी होता.

तुमच्या भावाची कवटी उघडायची गरजच नाही. मेंदूचा हुकूम नसांवाटे आजही त्याच्या कोपराखालच्या स्नायूंपर्यंत पोचतो. जखम पूर्ण भरली असेल तर तिथे हलकेच बोटं ठेवा आणि त्याला गेलेल्या हाताची मूठ आवळायला सांगा. आतला स्नायू टणक झालेला बोटांना लागेल. तोच संदेश कातडीवरून टिपणारा मायोइलेक्ट्रिक हात मिळतो. महाग असतो, पाणी-चिखल त्याला सहसा चालत नाही. शेतातल्या कामाला खांद्यावरच्या पट्ट्याने ओढायचा साधा हूकच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कृत्रिम हात बसेपर्यंत हा मुठीचा सराव रोज करू द्या. स्नायू वाळता कामा नयेत.