घरखर्चाची कात्री आधी स्वतःवरच का चालते?

"मॅडम, मी उधळी नाही ओ. तरी पैसे पुरतच नाहीत. माझंच काहीतरी चुकतंय."

समुपदेशनाला येणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या, बाहेर नोकरी नसलेल्या बायकांकडून मी हे सतत ऐकते. शब्द थोडेफार बदलतात, सूर तोच असतो. नवऱ्याचा पगार तुटपुंजा आणि महागाई आहे, हे त्यांना माहीत असतं. तरीही शेवटी बोट स्वतःकडेच वळतं. 'मी कमवत नाही, निदान वाचवायला तरी हवं' ही टोचणी रात्री झोप लागू देत नाही. या टोचणीबद्दलच आज लिहायचं आहे, एका कुटुंबाच्या अनुभवातून. त्या दोघांची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण रेखा म्हणू.

रेखा माझ्याकडे पैशांसाठी आलीच नव्हती. चिडचिड होते, रडू येतं, मुलावर हात उचलला जातो, म्हणून शेजारणीने तिला पाठवलं होतं. ग्लासभर दूध सांडलं म्हणून तिने पाच वर्षांच्या मुलाला मारलं होतं आणि नंतर स्वतःच रडत बसली होती. बोलता बोलता कळलं, की ती थायरॉइडची गोळी एक दिवसाआड घेते. कारण विचारलं तर म्हणाली, "बाटली जास्त दिवस जाते की." त्यातून महिन्याला शंभर रुपयेही वाचत नव्हते. मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थकवा, उदासपणा आणि चिडचिड यांमागे थायरॉइडचा वाटा मोठा असू शकतो, त्यामुळे गोळी रोज सुरू झाल्याशिवाय मनाचं काय आणि शरीराचं काय, हे कळणार नव्हतं. पैशांच्या ताणाने आलेल्या प्रत्येक बाईला मी हा प्रश्न विचारतेच: औषध, दूध, चष्मा, दाताचं दुखणं यांपैकी स्वतःचं काय थांबवलंय? उत्तर रिकामं क्वचितच येतं.

पुढच्या वेळी आम्ही कागद घेऊन बसलो. नवरा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. पगार आठवड्याला, दर शनिवारी घरात सरासरी ४,३०० रुपये यायचे. चार आठवड्यांचे झाले १७,२००. खर्च तिला तोंडपाठ होते. घरभाडं ४,०००, किराणा ४,२००, नणंदेच्या लग्नासाठी घेतलेल्या गटाच्या कर्जाचा हप्ता आठवड्याला ६५० म्हणजे २,६००, दोन मुलांची शाळेची रिक्षा १,१००, लाइटबिल ९५०, गॅस ९००, पेट्रोल १,४००, दोन मोबाइलचे रिचार्ज ६००, दूध ९००, भाजी १,३००, आणि नवऱ्याचा तंबाखूचा मावा आणि चहा धरून १,५००. बेरीज १९,४५०. लाडकी बहीण योजनेचे १,५०० तिच्या खात्यावर यायचे, तेही यातच जायचे. तरी ७५० कमी. ही तूट किराणा दुकानाच्या वहीत चढत होती.

ती बेरजेकडे बघत राहिली. "म्हणजे मी कितीही केलं तरी भागणारच नव्हतं?"

नव्हतंच. मग मी तिला प्रत्येक आकड्यापुढे एक गोष्ट लिहायला सांगितली: हा खर्च किती करायचा, हे कोण ठरवतं? भाडं घरमालक ठरवतो. कर्ज सासरच्यांनी मिळून ठरवलेलं. पेट्रोल आणि मावा नवऱ्याचा. किराण्यात तेल-साखर-ज्वारी हलण्यासारखी नव्हतीच. ज्यावर तिचा स्वतःचा शब्द चालत होता ती भाजी, दूध आणि तिची गोळी, म्हणजे सगळ्या खर्चातले जेमतेम अडीच हजार. सारी काटकसर त्या अडीच हजारांत चालली होती. संध्याकाळी लक्ष्मी मंडईत भाव उतरल्यावर चालत जाऊन भाजी आणायची, स्वतःच्या चहात दूध घालायचं नाही, भाजी कमी पडली की आपण शेंगाचटणी-भाकरीवर भागवायचं. आमच्याकडे शेंगाचटणी-भाकरी आवडीने खातात, त्यात कमीपणा काही नाही. पण घरात चौघं जेवत असताना दररोज तिच्याच ताटातून भाजी गायब होत असेल, तर ती आवड राहत नाही.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. माणूस कात्री तिथेच लावतो जिथे त्याचा हात पोहोचतो. घर चालवणाऱ्या बाईची जबाबदारी सगळ्या खर्चाची असते आणि अधिकार छोट्याशा तुकड्यावर. तो तुकडा कापून संपला की ती स्वतःला कापायला लागते. अशा वेळी तिला काटकसरीच्या आणखी दहा युक्त्या सांगणं मला क्रूर वाटतं.

आणखी एक सल्ला फार लवकर दिला जातो: घरबसल्या काहीतरी कर. रेखालाही सगळे सांगत होते, कडक भाकरी करून वीक, टॉवेलला शिलाई मार, युनिफॉर्मचं काम घे. सोलापुरात अशी कामं मिळतात, विड्या वळून तर इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरं चालवली आहेत. त्यांच्या कष्टांपुढे मी हात जोडते. पण हिशोब न मांडता, घरातल्या कामाची वाटणी न बदलता घेतलेलं काम म्हणजे बाईच्या दिवसात आणखी चार तास कोंबणं. तो विषय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला.

नवऱ्याला बोलवायचं म्हटल्यावर ती घाबरली. "ते चिडतात ओ पैशाचं काढलं की." तिने कधीच आकडा सांगितला नव्हता. पैसे मागायची वेळ नेहमी तो जेवायला बसला की किंवा कामाला निघताना यायची, आणि वाक्य एकच असायचं: 'पैसे संपले.' ऐकणाऱ्याला ते वाक्य आरोपासारखं लागतं. आम्ही ठरवलं, की कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, मुलं शेजाऱ्यांकडे असताना तिने फक्त तो कागद त्याच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, "अहो, हे आपल्या दोघांचं आहे, एकदा बघा."

तो माझ्याकडे आला तेव्हा कागद घडी करून खिशात घेऊन आला होता. सुरुवातीला अवघडलेला. "मला वाटायचं, ही भागवते. ही तर घरीच असते, काही बोलली नाही." मी त्याला 'घरीच' म्हणजे दिवसभर काय काय, ते सांगायला लावलं. पाण्यापाशी तो स्वतःच थांबला. आमच्या शहरात नळाला वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी येत आलंय. पाण्याच्या दिवशी बाई घर सोडू शकत नाही, पिंप-घागरी भरून घेतल्याशिवाय पुढचे दिवस निघत नाहीत. २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली होती. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं, ते करणाऱ्या पुरुषांची ९७. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघात-भरपाईच्या एका निकालात हेच आकडे मांडून गृहिणीच्या कामाला पैशांत मोल आहे असं म्हटलं. हे मी त्याला सांगितलं ते त्याला हरवायला नव्हे. रेखा शेजारी बसली होती आणि तिने हे कोणाकडून तरी ऐकणं गरजेचं होतं.

मग त्याने जे सांगितलं ते तिलाही माहीत नव्हतं. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी त्याने कारखान्यातून ८,००० रुपये उचल घेतली होती. पगार खरं तर ४,५०० होता, दोनशे दर आठवड्याला उचलीपोटी कापले जायचे. "हिला कशाला टेन्शन," म्हणून तो गप्प होता. ती वाण्याची उधारी लपवत होती, तो उचल लपवत होता, आणि दोघं एकमेकांना जपत होते. अशी किती घरं मी बघते.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. आठवड्याचा पगार असलेल्या घरांना एक गोष्ट मी आवर्जून सांगते. वर्षात ५२ आठवडे असतात. महिन्याला चारच पगार धरून घर चालवलं तर ४८ पगार लागतात, चार पगार शिल्लक राहतात. ज्या महिन्यात पाच शनिवार येतात तो पाचवा पगार. रेखाच्या घरी ते १७,२०० रुपये होतात. आजवर ते वाण्याच्या उधारीत विरघळत होते. आम्ही वर्षभरातले मोठे, पण आधीच माहीत असलेले खर्च लिहिले: जूनमध्ये फी, वह्या, गणवेश, दिवाळी, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, तिथले पाळणे आणि मुलांचा हट्ट, लग्नातले आहेर, आजारपण. बेरीज १९,५०० च्या आसपास गेली. कर्जाचा हप्ता सोडून पाचव्या पगाराला हातच लावला नाही तर त्यातलं बरंचसं निघतं. ते पैसे घरात ठेवायचे नाहीत, पोस्टाच्या बचत खात्यात लगेच टाकायचे, कारण डब्यातले पैसे कोणाच्या ना कोणाच्या अडचणीला उठतातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात येते तेव्हा त्यातूनच एक पोतं भरून ठेवायचं. आपल्या आज्या हेच करायच्या.

राहिली महिन्याची तूट. नवऱ्याने मावा निम्म्यावर आणतो म्हटलं. मी पूर्ण सोड म्हटलं असतं तर त्याने तिथे मान डोलावली असती आणि बाहेर पडून विसरला असता. तोंडाच्या कॅन्सरची भीती मी त्याला स्पष्ट सांगितली आणि निम्म्यापासून सुरू करू दिलं. त्यातून काही शे रुपये वाचले. लाइटबिलात पाणी तापवायचा रॉड निघाला. दीड हजार वॅटचा रॉड रोज अर्धा तास लावला की महिन्याला बावीसेक युनिटं होतात, आणि महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर बराच चढतो. त्यांचं बिल शंभरच्या थोडं पुढेच जात होतं. सोलापूरच्या उन्हात पाण्याची पिंपं दुपारभर गच्चीवर ठेवली की वर्षातले बरेच महिने रॉडची गरज पडत नाही. रेशनकार्डावर दोन्ही मुलांची नावंच चढवलेली नव्हती. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे या घराचं महिन्याला दहा किलो धान्य मिळायचं राहत होतं. नावं चढवायचा अर्ज त्यांनी दिला.

जुना हप्ता फेडायला नवा गट धरायचा नाही, हे मात्र मी निक्षून सांगितलं. सात महिन्यांत चालू कर्ज संपत होतं.

एका गोष्टीवर आमचं अडलं. मी म्हटलं, रेखाच्या हातात महिन्याला तीनशे रुपये असे हवेत ज्यांचा हिशोब कोणी मागणार नाही. नवरा म्हणाला, "लाडक्या बहिणीचे येतात की तिला." मी विचारलं, ते सुरू झाल्यापासून घरखर्चाला तुम्ही देता ते कमी झालं का? तो बराच वेळ गप्प होता. झालं होतं. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय, बाईच्या खात्यात पैसे आले की तेवढेच दुसऱ्या हाताने कमी होतात. अखेर तीनशे ठरले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात नवऱ्यांना सांगितलंय, की गृहिणीला संयुक्त खातं, एटीएम कार्ड अशा वाटेने पैशांपर्यंत पोहोचू द्या. या घरात आता एटीएम कार्ड कपाटात असतं आणि पिन दोघांना माहीत आहे.

इथे एक फरक सांगणं माझं कर्तव्य आहे. रेखाच्या घरात पैसा कमी होता आणि बोलणं बंद होतं. काही घरांत पैसा असतो, पण बायकोला मुद्दाम दिला जात नाही, औषधाला, मुलांच्या खाण्यालाही हात पसरायला लावतात, तिचं स्वतःचं आलेलं काढून घेतात. तिथे असा कागद नवऱ्यापुढे ठेवून भागत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हा हिंसेचा प्रकार म्हणून नोंदवलेला आहे. अशा बहिणींनी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा. आणि मन फारच खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं.

रेखाचं सगळं सुरळीत झालेलं नाही. वाण्याची वही अजून कोरी नाही, मावा मध्ये एकदा परत वाढला, रेशनचा अर्ज अडकून आहे. ती गोळी रोज घेते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघं अर्धा तास हिशोबाला बसतात, त्यात भांडणही होतं.

परवा ती युनिफॉर्मच्या शिलाईचं विचारायला आली होती. या वेळी ती स्वतःच हिशोब करून आली होती: नगाला किती मिळणार, दोरा आणि लाइट कापून किती उरणार, तासाला किती नग होतील. हे काम धरलं तर पाण्याच्या दिवशी सकाळी घरी कोण थांबणार आणि मुलांचा अभ्यास कोण घेणार, तेही तिने नवऱ्याला विचारून ठेवलं होतं. धाकटा जूनमध्ये पहिलीला गेला की काम घ्यायचं, तोवर नाही, असं दोघांनी ठरवलंय. मला फक्त एकच विचारायचं होतं तिला, की शिलाईचे पैसे कोणाच्या खात्यात येणार. "माझ्या," ती म्हणाली.