लिनिअर टाइपची अल्पायुषी मूल्ये वापरताक्षणी मोकळी का करत नाहीत?

आपण विचारले आहे की, लिनिअर मूल्य नेमके एकदाच वापरले जाणार हे कंपायलरला आधीच ठाऊक असेल, तर हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत ते वापरताक्षणी मोकळे करून, म्हणजे त्याची मेमरीतील जागा परत घेऊन, गार्बेज कलेक्टरला (नको झालेल्या मूल्यांची जागा परत मिळवणाऱ्या यंत्रणेला) रजा का देत नाहीत.

तत्त्वतः तसे करता येते. ईव्ह लाफों यांनी 1988 मध्ये मांडलेले लिनिअर अमूर्त यंत्र कलेक्टरवाचूनच चालते. मात्र मूल्य अल्पायुषी असेल, तर या खटाटोपातून हाती फारसे लागत नाही, असे माझे मत आहे. जीएचसी या हास्केलच्या कंपायलरमध्ये नवे मूल्य ‘नर्सरी’त, म्हणजे नव्या मूल्यांसाठी राखलेल्या मेमरीच्या तुकड्यात, जन्माला येते आणि त्याला जागा देणे म्हणजे केवळ एक पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता) पुढे सरकवणे. नर्सरी भरली (9.2 आवृत्तीपासून तिचा मूळ आकार 4 एमबी आहे) की कलेक्टर जिवंत मूल्ये तेवढी उचलून दुसरीकडे नेतो आणि मेलेल्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. उलट, एकेक मूल्य सुटे मोकळे करायचे, तर प्रत्येकामागे मोकळ्या जागांची नोंद ठेवणे आणि पुढे त्यातून जागा शोधणे आले.

खरा फायदा मोकळे करण्यात नसून तीच जागा पुन्हा वापरण्यात आहे. दहा लाख घटकांच्या यादीवर ‘मॅप’ (प्रत्येक घटकाला एकच फंक्शन लावून नवी यादी करणारी क्रिया) चालवला असे समजा. 64-बिट यंत्रावर जीएचसीतील यादीचा एक कप्पा, म्हणजे हेडर, घटकाचा पॉइंटर आणि उरलेल्या यादीचा पॉइंटर मिळून, 24 बाइटांचा असतो. म्हणजे नुसत्या नव्या कप्प्यांनाच सुमारे 24 एमबी लागतात. जुन्या यादीकडे दुसरे कोणीही बोट दाखवत नसेल, तर नुकताच उघडलेला कप्पा तसाच नव्या यादीत बसवता येतो. कोका आणि लीन 4 या भाषा हेच करतात, पण टाइपवरून नव्हे, तर प्रोग्राम चालू असताना रेफरन्स काउंट (मूल्याकडे किती ठिकाणांहून बोट दाखवले आहे तो आकडा) एक आहे का ते पाहून.

येथेच बहुतेकांची गल्लत होते. जीएचसी 9.0 मध्ये आलेला लिनिअर बाण (फंक्शनच्या टाइपमध्ये लिहायची खूण) एवढेच वचन देतो की, फलित नेमके एकदा वापरले गेले, तर आर्ग्युमेंटही (फंक्शनला दिलेले मूल्यही) नेमके एकदा वापरले जाईल. हे वचन फंक्शनचे आहे, मूल्याचे नव्हे. तेच मूल्य बोलावणाऱ्याकडे आधीच चार ठिकाणी वाटलेले असू शकते. त्यामुळे निव्वळ बाण पाहून जागा मोकळी करणे धोक्याचे ठरते. क्लीन भाषेतील युनिकनेस टाइप मात्र मूल्याच्या इतिहासाबद्दल बोलतात: त्याकडे दुसरे कोणीही बोट दाखवत नाही, अशी हमी देतात. हास्केलच्या लिनिअर ॲरेमध्ये तीच हमी आडमार्गाने मिळवली आहे: ॲरे थेट हाती न देता, तुम्ही दिलेल्या लिनिअर फंक्शनच्या आतच तो जन्माला घालतात.

म्हणून छोटी मूल्ये नर्सरीवर सोपवावीत आणि लिनिअर टाइप हीपबाहेरच्या, म्हणजे कलेक्टर सांभाळत नाही अशा मेमरीतल्या, मोठ्या बफरांसाठी राखून ठेवावेत. तेथेही एक्सेप्शनची (प्रोग्रामचा ओघ मध्येच तोडणाऱ्या चुकीची) सोय वेगळी करावी लागते. माझ्याच एका प्रोग्राममध्ये टाइप चोख होते, पण मध्येच एक्सेप्शन आल्याने बफर मोकळा करण्याच्या ओळीपर्यंत प्रोग्राम पोहोचतच नव्हता, आणि गळती शोधण्यात माझे दोन दिवस गेले.