कमिशन अडकलं की माणूस अडकतो: दुबईतल्या सेल्सच्या ऑफरबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुबईतल्या एका रिअल इस्टेट ब्रोकरेजची ऑफर आहे, बेसिक 3,000 दिरहम, कमिशन 50 टक्के. मॅनेजर म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर या, काम सुरू करा, कमिशनचं बोलणं समोरासमोर करू. तिथे काम केलेल्या एकाकडून तुम्ही ऐकलंय की तो मॅनेजर फार आरडाओरडा करतो. आणि तुम्ही विचारताय, पैसे चांगले मिळणार असतील तर एवढं सहन करायला काय हरकत आहे?

मी इथे आठ वर्षं सेल्समध्ये आहे, त्यातली तीन अशाच एका ब्रोकरेजमध्ये काढली. तुम्ही पगार आणि मॅनेजरचा स्वभाव हे दोन वेगळे प्रश्न धरलेत. माझ्या अनुभवात ते एकच आहेत. हातात न आलेलं कमिशन हेच माणसाला बांधून ठेवायचं दावं असतं, आणि आपण सोडून जाऊ शकत नाही हे ज्याला कळतं तो आवाज चढवायला मोकळा होतो.

ते कसं, हे समजायला आधी ऑफ-प्लॅन, म्हणजे अजून बांधून न झालेल्या घरांच्या विक्रीतला पैशाचा प्रवास बघा. ग्राहक बुकिंग करतो, डेव्हलपरला ठरलेला हप्ता भरतो, विक्री करारावर सही होते, ‘ऊकूद’मध्ये, म्हणजे अशा सौद्यांच्या सरकारी नोंदणी यंत्रणेत, नोंदणी होते. मग तुमची कंपनी डेव्हलपरला इन्व्हॉइस पाठवते, डेव्हलपर कंपनीला पैसे देतो, आणि सगळ्यात शेवटी त्यातला तुमचा वाटा निघतो. यात कित्येक आठवडे जातात, कधी महिनेही. म्हणजे तुम्ही चांगलं काम करत असाल तर तुमचे दोन-तीन सौदे कायम मधल्याच कुठल्यातरी टप्प्यावर असणार. सोडायचं म्हटलं की काहीतरी मागे राहतंच.

माझं तेच झालं. रोज सकाळी मीटिंगमध्ये फळ्यावर नावं लिहून एकही सौदा पुरा न झालेल्यांना उभं करायचे. रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज यायचा, दहा मिनिटांत उत्तर नाही दिलं तर दुसऱ्या दिवशी लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांची नावं, मिळणं बंद. एक सहकारी तापाने फणफणलेला असताना त्याला साइट व्हिजिटला पाठवलं, हे मी स्वतः पाहिलंय. मी राजीनामा लिहून ठेवला होता, तरी त्यानंतर सात महिने तिथेच राहिले. कारण तीन सौद्यांचे मिळून 41,000 दिरहम यायचे होते. शेवटी मार्च 2024 मध्ये सोडलं, तेव्हा उत्तर मिळालं: राजीनामा दिलेल्याला पेंडिंग कमिशन मिळत नाही, ही कंपनीची पॉलिसी आहे. ती पॉलिसी मी सही केलेल्या एकाही कागदावर नव्हती.

मी लेबरला तक्रार टाकली. लेबर म्हणजे मनुष्यबळ आणि एमिरातीकरण मंत्रालय. आधी समेटाचा प्रयत्न होतो. 1 जानेवारी 2024 पासून 50,000 दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं. त्यावरच्या रकमेचा समेट झाला नाही तर प्रकरण कोर्टात जातं, आणि 1,00,000 दिरहमपर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी नाही. माझं समेटातच मिटलं. 32,000 मिळाले, 9,000 गेले. ज्या दोन सौद्यांचा स्प्लिट, म्हणजे माझ्या वाट्याची टक्केवारी, मॅनेजरने ईमेलवर कबूल केला होता त्यांचे पैसे आले. तिसऱ्याचं सगळं बोलणं फोनवर झालं होतं. तिथे तो सरळ म्हणाला की ती लीड माझी नव्हतीच. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

म्हणून ‘कमिशनचं समोरासमोर बोलू’ या वाक्याला मी सगळ्यात जास्त घाबरते. टक्केवारी विचारून थांबू नका, 50 टक्के कशाचे ते विचारा. डेव्हलपर देतो त्या पूर्ण रकमेचे, की जाहिरातींच्या पोर्टलचा खर्च, मार्केटिंग आणि टीम लीडरचा वाटा काढून उरलेल्याचे? कंपनीने दिलेली लीड आणि तुम्ही स्वतः आणलेला ग्राहक यांना एकच दर आहे का? कमिशन नेमकं कधी ‘कमावलं’ असं धरणार: बुकिंगला, सहीला, की कंपनीच्या खात्यात पैसे आल्यावर? ग्राहकाने मागाहून सौदा मोडला तर दिलेलं परत घेणार का, आणि किती दिवसांनंतरपर्यंत? आणि मी नोकरी सोडली किंवा तुम्ही काढलंत, तर त्या दिवशी अर्ध्यात असलेल्या सौद्यांचं काय? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा नाराज झाला तर तुम्हाला हवं ते उत्तर तिथेच मिळालं. उत्तरं ईमेलवर घ्या, आणि जमलं तर कराराला जोडलेल्या कमिशनच्या परिशिष्टात सहीसकट घ्या.

आता बेसिक. 3,000 म्हणजे फक्त कमी पगार एवढंच नाही. ग्रॅच्युइटी इथे मूळ पगारावर निघते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांची. तुमच्या बेसिकवर एका वर्षाचे 2,100 दिरहम होतात, मग त्या वर्षी कमिशन कितीही मिळालेलं असो. बेकारी विम्याची रक्कमही मूळ पगाराच्या 60 टक्के असते, आणि राजीनामा दिलात तर तीही नाही. म्हणून कमिशनचा टक्का पाचने कमी घ्यावा लागला तरी चालेल, पण बेसिक वाढवून मागा. काही ब्रोकरेज तर बेसिकच देत नाहीत आणि नोकरीच्या कराराऐवजी एजंट म्हणून सही घेतात. तसं असेल तर तुम्ही कर्मचारी ठरणार की नाही इथूनच वाद सुरू होतो, आणि लेबरचा आधार डळमळतो. तो कागद नीट वाचा.

व्हिजिट व्हिसावर काम करू नका. यावर माझ्याकडे दुसरं मत नाही. वर्क परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्याला 2024 च्या दुरुस्तीनंतर 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड आहे, पण त्या काळात केलेल्या सौद्याचं कमिशन मागताना तुमची बाजूही लंगडी पडते. शिवाय दुबईत ब्रोकर म्हणून काम करायला रेराचं, म्हणजे रिअल इस्टेटवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, कार्ड लागतं. कार्ड नसताना तुम्ही आणलेला सौदा दुसऱ्याच्या नावावर चढवला जातो. मंत्रालयाचं ऑफर लेटर आधी येऊ द्या, त्यातले आकडे तपासा, मग एंट्री परमिटवर या. व्हिसा आणि भरतीचा खर्च कायद्याने मालकाचा आहे. तो तुमच्या पगारातून कापता येत नाही, आणि पासपोर्टही कंपनीला ठेवून घेता येत नाही.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. मॅनेजर तुम्हाला स्वतःच्या सिमवरून कोल्ड कॉल करायला सांगेल, सगळे तेच करतात म्हणेल. ऑगस्ट 2024 पासून वैयक्तिक नंबरवरून मार्केटिंग कॉल करणं बंद आहे. पहिल्यांदा सापडलात तर 5,000 दिरहम दंड, आणि तो दंड नंबर ज्याच्या नावावर आहे त्याला, म्हणजे तुम्हाला. कंपनीचा नोंदणीकृत नंबर मागा. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर कॉल करायला सांगितलं तर तेही नियमाबाहेरच आहे.

पुरावा जमवण्याबद्दल सावध करते, कारण आपल्याकडची सवय इथे अंगाशी येते. मॅनेजरचं ओरडणं चोरून रेकॉर्ड करू नका. परवानगीशिवाय संभाषण रेकॉर्ड करणं हा इथे गुन्हा आहे. कंपनीचं नाव घेऊन सोशल मीडियावर लिहिणंही बदनामीच्या गुन्ह्यात जाऊ शकतं. ग्राहकांची यादी स्वतःच्या मेलवर पाठवू नका, ते तर त्यांच्या हातात आयतं कोलीत. त्याऐवजी प्रत्येक बोलणं झालं की साधा मेल टाका: ‘आज आपलं ठरलं त्याप्रमाणे या युनिटवर माझा वाटा इतके टक्के, काही चुकीचं असेल तर कळवा.’ सभ्य भाषेत, त्याच दिवशी. व्हॉट्सॲपवरचं लेखीही चालतं, फक्त फोन बदलताना ते हरवू देऊ नका. माझे 32,000 अशाच दोन मेलमुळे वाचले.

सोडायची वेळ आली तर रागाच्या भरात ऑफिसला जाणं बंद करू नका. सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर ते तुमच्यावर गैरहजेरीची तक्रार करू शकतात, आणि मग तुमचीच बाजू कमकुवत होते. लेखी राजीनामा द्या, नोटीस पूर्ण करा. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं. त्या काळात देश सोडायचा असेल तर 14 दिवसांची नोटीस, इथेच दुसरीकडे जायचं असेल तर एक महिन्याची. मग व्हिसा रद्द करताना एक कागद पुढे येईल, त्यावर लिहिलेलं असेल की मला सगळी देणी मिळाली. पैसे खात्यात दिसेपर्यंत त्यावर सही करू नका. माझ्यासमोर तो कागद तीनदा ठेवला, तिसऱ्यांदा दोघं जण दार लावून बसले होते. मी नाही म्हटलं आणि उठून लेबरचं ॲप उघडलं. कायद्याने नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत हिशोब मिटायला हवा, आणि आता दावा करायला नोकरी संपल्यापासून दोन वर्षं मिळतात.

तेव्हा सहन करायला हरकत काय, याचं उत्तर: त्या सात महिन्यांत माझी झोप गेली आणि मी घरच्यांवर खेकसायला लागले. शिवाय डोकं ठिकाणावर नसल्यामुळे जे नवे सौदे मी हातचे घालवले, त्यांचे पैसे कुठल्याच तक्रारीत मागता येत नाहीत.

आत्ताच्या रूपात ही ऑफर घेऊ नका. त्यांना आजच मेल करा, वरचे पाच प्रश्न विचारा आणि मंत्रालयाचं ऑफर लेटर मागा. उत्तरं लेखी आली, तर सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवून जरूर या. पहिलं कमिशन हातात पडायला तेवढा वेळ सहज जातो, आणि गाठीला पैसे असले की नाही म्हणता येतं. त्यांनी कमिशनचं कलम पाठवलं की कंपनीचं नाव खोडून मला दाखवा, ओळ न् ओळ बघून सांगते.